नाण्यावरचा पोहणारा

मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावात कुठल्याही मराठी घरी पहिल्यांदा जेवायला गेलं, की वरण-भात वाढून होईपर्यंत प्रश्न येतोच : "तुम्ही कुठे?" त्याचं उत्तर एखाद्या मोटारकंपनीचं किंवा सॉफ्टवेअर कंपनीचं नाव असणार, हे विचारणाऱ्यानं धरलेलं असतं. माझा नवरा माधव याचं उत्तर मोटारीचं. मी म्हणायची, "मी जुनी नाणी वाचते." यावर समोरची बाई समजूतदारपणे हसायची. "छान! वेळ जायला काहीतरी हवंच ना."

वेळ जायला नव्हतं हो ते. चांगली पगाराची नोकरी होती, ती करता करता माझे केस पांढरे झाले आणि यंदाच्या उन्हाळ्यात मी ती सोडली. आता कोणी विचारलं, की सविस्तर सांगते. इथेही तेच करणार आहे.

नागपूरला मी प्राचीन इतिहासात एम. ए. केलं. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर लिहिलेला एक निबंध सोडला, तर त्या पदवीचा पुढे काही उपयोग होईल असं कोणालाच वाटत नव्हतं, मलाही. लग्न झालं, इथे आले, आणि माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती म्हणून बरीच वर्षं घरीच राहिले. परवानगी आली तेव्हा मुलं शाळेत जायला लागली होती. एके दिवशी मुलाला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. शेजारच्या दुकानाच्या काचेवर पाटी होती : 'ऑफिसात मदतनीस पाहिजे'. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला गाद्यांचं दुकान आणि मधे हे नाण्यांचं. मुलाच्या दातात सिमेंट भरून होईपर्यंत मी नोकरी ठरवून बाहेर आले होते.

दुकानाचे मालक निक. आईवडील ग्रीसमधून डेट्रॉइटला आलेले, निकचा जन्म इथलाच. जाड भुवया, मोठा आवाज आणि कोणत्याही विषयावरून ग्रीकांकडे यायची सवय. त्यांना 'वृंदा' म्हणता आलं नाही ते शेवटपर्यंत. पहिल्या दिवशी 'ब्रेंडा' म्हणाले, तीच मी राहिले. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' असतं, पण मनातल्या मनात मी माणसं वाटून घेतलेली असतात. निक पहिल्या महिन्यातच 'अहो'वरून 'अरे'वर आला.

टेलिफोन घ्यायला आणि पाकिटं बंद करायला मला ठेवलं होतं. पण मुलाखतीत मी सातवाहन म्हटलं होतं, ते निकनं लक्षात ठेवलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्या तळहातावर एक काळपट नाणं ठेवलं आणि म्हणाला, "तू राहतेस त्या गावाचं नाणं."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण ते खरंच ट्रॉयचं होतं, जुन्या, खऱ्या, ग्रीकांनी जाळलेल्या ट्रॉयचं. त्यावर एक तरुण माणूस चालला होता. खांद्यावर म्हातारे वडील, बोटाला धरलेला लहान मुलगा. "एनियस," निक म्हणाला. "गाव जळतंय. नेता येईल तेवढं घेऊन निघालाय." मी ते नाणं बराच वेळ हातातून सोडलं नाही. माझे वडील तेव्हा नागपूरला धंतोलीतल्या घरी एकटे होते. तो वडिलांना खांद्यावर घेऊन ट्रॉयमधून निघाला होता आणि मी वडिलांना मागे ठेवून ट्रॉयला आले होते. हे मी निकला सांगितलं नाही. माधवला संध्याकाळी सांगितलं, तर त्यानं उठून नागपूरला फोन लावला.

आता या नाण्यांविषयी थोडं सांगायला हवं. रोमचं राज्य पसरलं तेव्हा सोन्याचांदीचं नाणं बहुतेक सम्राटाचं चाले. पण पूर्वेकडच्या ग्रीक बोलणाऱ्या गावांना बाजारात लागणारी तांब्या-पितळेची चिल्लर आपापली पाडायची मुभा होती. तिला आमच्या धंद्यात प्रांतिक नाणी म्हणतात. पुढच्या बाजूला सम्राटाचा चेहरा, ते टाळता येत नव्हतं. मागची बाजू मात्र गावाची. तिथे गाव आपलं देऊळ काढी, आपली नदी काढी, नाहीतर आपल्याकडे घडलेली गोष्ट. आपल्याकडे जसं प्रत्येक डोंगरात पांडव राहून गेलेले असतात आणि प्रत्येक कुंडात सीता न्हालेली असते, तसंच तिथे. हर्क्युलिसनं सिंह मारला तो आमच्या रानात, हे म्हणायला दहा गावं तयार. रामटेकजवळच्या मुलीला यात नवल वाटायचं कारणच नव्हतं. राज्य दुसऱ्याचं, खिशातली गोष्ट आपली, हे मला चटकन कळलं.

माझं काम पुढे हेच झालं. दुकानात आलेल्या नाण्याकडे बघायचं, अक्षरं लावायची, गाव आणि सम्राट ओळखायचा आणि विक्रीच्या यादीसाठी चार ओळींचं वर्णन लिहायचं. त्या चार ओळी लिहायला मला खऱ्या अर्थानं शिकवलं ते एका गिऱ्हाइकानं.

त्यांना मी मिस डोरोथी म्हणत असे. त्या "नुसतं डोरोथी म्हण" म्हणायच्या, पण आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारणं मला कधी जमलं नाही. आता त्या नाहीत. आयुष्यभर त्यांनी एका सरकारी शाळेत लॅटिन शिकवलं, लग्न केलं नाही, आणि शिक्षिकेच्या पगारात जमतील तशी गोष्टींची नाणी जमवली. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांची नजर जवळजवळ गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. तरी दर गुरुवारी भाचीच्या गाडीतून यायच्या, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या आणि काउंटरवरच्या मऊ कापडावर दोन्ही हात ठेवून म्हणायच्या, "काय आलंय?"

तोवर नाण्यावर काय आहे ते निक त्यांना सांगायचा. एका गुरुवारी तो फोनवर अडकला होता म्हणून त्यानं मला खुणावलं. ट्रेमध्ये आशिया मायनरमधल्या एका गावाचं झिजलेलं नाणं होतं. मी यादीच्या भाषेत सुरू केलं, "देवी अथीना, डावीकडे तोंड करून खडकावर बसलेली, दुहेरी बासरी वाजवताना. वर एक पुरुष, हात उंचावलेला."

मिस डोरोथी म्हणाल्या, "तिचे गाल कसे आहेत?"

"गाल?"

"बासरी वाजवताना गाल फुगतात. नीट बघ. आणि तिच्या पायाशी काय आहे?"

मी भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. पायाशी रेघा होत्या, त्या मी जमीन समजून सोडून दिल्या होत्या. ते पाणी होतं. आणि पाण्यात पुसटसा दुसरा चेहरा होता.

"तिचं प्रतिबिंब आहे!" मी इतक्या मोठ्यानं म्हणाले, की फोनवरच्या निकनं वळून पाहिलं.

"हं. म्हणजे ती आता स्वतःचे फुगलेले गाल बघणार, चिडणार आणि बासरी फेकून देणार. आणि तो वरचा पुरुष ती उचलणार, वाजवण्यात देवाशी पैज लावणार आणि फुकट मरणार." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "तू मला मूर्ती सांगितलीस. मला ती काय करतेय ते सांगत जा. पुतळे मी दिसत होतं तेव्हा पुष्कळ पाहिले."

मग त्यांनी माझं नाव विचारलं. मी 'ब्रेंडा' म्हणाले. "ते नव्हे, आईनं ठेवलेलं." मी सांगितलं. दुपारभर त्या मधूनमधून 'वृ' म्हणून बघत होत्या. तिसऱ्या गुरुवारी त्यांना ते बरोबर यायला लागलं. त्या दुकानात मला माझ्या नावानं हाक मारणारं ते एकच माणूस.

तेव्हापासून गुरुवार माझा झाला. त्या नाणं बोटांवर घ्यायच्या, मी सांगायची, त्या प्रश्न विचारायच्या. कोण कोणाकडे बघतंय? वारा कुठल्या बाजूनं आहे? घोडा दमलाय का? शुक्रवारी मी यादी लिहायला बसले, की तेच प्रश्न डोक्यात असायचे. हळूहळू गिऱ्हाइकं निकला सांगायला लागली, की तुमच्या याद्या वाचायला मजा येते. निक ते मला सांगायचा आणि वर म्हणायचा, "अर्थातच. गोष्टी ग्रीक आहेत."

कामाची दुसरी बाजू, म्हणजे धातूकडे बघायला शिकणं, ती मात्र मी एका सासूबाईंमुळे शिकले.

रेणुका ही ट्रॉयमधलीच, पुण्याची, लहान मुलांची डॉक्टर. तिला आपल्या दवाखान्यासाठी वैद्यांच्या देवाचं नाणं हवं होतं. पर्गमन गावाचं एक छान नाणं मी तिला काढून दिलं. त्यावर अस्क्लीपिअस हातात काठी घेऊन उभा, काठीला नाग गुंडाळलेला. नाण्यावर गुळगुळीत हिरवट-काळा थर होता. तांब्याचं नाणं शेकडो वर्षं मातीत राहिलं, की त्यावर असा थर धरतो. तो मळ नव्हे, नाण्याची त्वचा असते ती. जाणकार आधी तिच्याकडे बघतात.

दिवाळीच्या आधी रेणुकाचा फोन आला. आवाज रडवेला. "वृंदाकाकू, यू वोन्ट बिलीव्ह इट. आईंनी ते नाणं घासलं."

"कशानं?"

"चिंचेनं!"

पुण्याहून आलेल्या तिच्या सासूबाईंनी काठीवरचा नाग पाहिला, हा आपल्यातलाच कोणीतरी देव आहे असं ठरवलं आणि नाणं दवाखान्यात जाऊ न देता देव्हाऱ्यात ठेवलं. दिवाळीसाठी समया, तांब्या, ताम्हन घासायला काढली, त्यात अस्क्लीपिअसही गेला. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर तो निरांजनाशेजारी नव्या नवरदेवासारखा चमकत होता. रेणुकाची मुलगी उड्या मारत म्हणाली, "आजी मेड इट सो शायनी!" आजी माझ्यावरच नाराज होत्या. "अहो, किती काळं पडलं होतं! देवापुढे असं ठेवतं का कोणी? विकायच्या आधी जरा घासून तरी द्यायचं."  मी म्हटलं, "चुकलंच आमचं." रेणुकानं माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

नाणं मी दुकानात नेलं. निक आधी खुर्चीवर बसला. मग त्यानं विचारलं, "टॅमरिंड? जे चटणीत घालता ते?" मी मान हलवली. बराच वेळ तो नाण्याकडे बघत राहिला, मग उठून त्यानं सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढलं. "ये. इतका उघडा धातू पुन्हा बघायला मिळणार नाही." ते नाणं आम्ही रेणुकाकडून काही दिवस मागून घेतलं. निकनं मला त्यावर शिकवलं : ठशाखाली दाबला गेला तेव्हा धातू कुठून कुठे सरकला, कडांना कसा ओघ असतो, हजार हातांनी झिजलेला भाग कसा गोल होतो आणि कोणी नंतर हत्यार लावलं तर तो कसा बोचतो. कारण या धंद्यात संपूर्ण खोटं नाणं ओळखणं एक वेळ सोपं. कठीण असतं ते खरं नाणं, ज्यावरचं झिजलेलं चित्र कोणीतरी बारीक हत्यारानं पुन्हा कोरून काढलेलं असतं. तसं नाणं खरंही असतं आणि नसतंही.

अस्क्लीपिअस नंतर देव्हाऱ्यात परत गेला. दर दिवाळीला त्याचं काय होतं, ते मी विचारत नाही.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते.

मिस डोरोथींच्या संग्रहात एक जागा रिकामी होती. अबायडस नावाच्या गावाचं नाणं त्यांना हवं होतं. गाव समुद्राच्या अरुंद पट्टीच्या काठावर, पलीकडच्या काठावर दुसरं गाव. अलीकडे लिअँडर राहायचा, पलीकडे एका मनोऱ्यात हीरो नावाची देवळातली मुलगी. ती मनोऱ्यात दिवा लावायची आणि तो दिव्याच्या रोखानं पोहत जायचा. एका वादळात दिवा विझला, तो बुडाला आणि त्याला खाली पाहून तिनं उडी टाकली. ही गोष्ट मिस डोरोथींनी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली होती. आणि अबायडसच्या लोकांनी ती नाण्यावर काढली होती : मनोरा, त्यात दिवा धरलेली ती, खाली लाटांत तो. ही नाणी फार दुर्मीळ. निक त्यांच्यासाठी कैक वर्षं शोधत होता आणि दर वेळी नाणं कोणत्या तरी मोठ्या संग्रहाकडे जायचं.

एका सकाळी निक पार्सल फोडता फोडता ओरडलाच. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं विक्रीला पाठवलेल्या नाण्यांत ते होतं. मोठं, जड, गडद तपकिरी. मनोरा ओळखू येत होता, दिवा ओळखू येत होता, आणि लिअँडर तर असा, की त्याच्या दंडाचे स्नायू मोजावेत. निकनं आधी मिस डोरोथींना फोन केला आणि मग माझ्या हातात नाणं दिलं. "दुपारी येतेय ती. आज तुझं सगळ्यात सुंदर वर्णन कर."

मी ते भिंगाखाली धरलं आणि पाहता पाहता माझा आनंद उतरत गेला. मनोरा झिजलेला होता, दिवा झिजलेला, तिचा चेहरा झिजून बोटाच्या पेरासारखा झालेला. मग पाण्यातला पोहणारा एवढा ताजा कसा? मी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. त्याच्या भोवतीचा सपाट भाग बाकीच्या नाण्यापेक्षा खोल होता. तो उठून दिसावा म्हणून आजूबाजूचा धातू खरवडला होता. हातांच्या कडेनं बारीक समांतर ओरखडे होते आणि त्यांवर रंग चढवून ते झाकले होते.

मी निकला बोलावलं. त्यानं पाहिलं. बराच वेळ डोळा काढला नाही.

"थोडं गुळगुळीत केलंय," तो म्हणाला.

"निक, हात कोरलेत. दोन्ही. आणि बहुतेक डोकंही."

"नाणं खरं आहे."

"नाणं खरं आहे. पोहणारा नाही."

तो खिडकीशी गेला. त्याचा मोठा आवाज एकदम लहान झाला. "तिला दिसत नाही, ब्रेंडा. बोटाला तो सुंदर लागेल. तिचं वय बघ. पुन्हा असं नाणं येईल आणि ते तिच्या आवाक्यातलं असेल, असं वाटतं तुला? कोणाचं काय नुकसान आहे?"

निकला फसवणारा माणूस समजू नका. तो मिस डोरोथींवर माया करायचा, आणि त्यांना आनंद व्हावा यापलीकडे त्या क्षणी त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्याही मनात तेच होतं. तरी मला बोलावंच लागलं.

"दिसणारं गिऱ्हाईक माझं वर्णन वाचतं आणि मग स्वतः बघतं," मी म्हणाले. "चुकलं तर त्याला कळतं. त्या बघू शकत नाहीत. मी म्हणेन तेच त्यांना दिसतं. मग मी त्यांना खोटं कसं दाखवू?"

निक खिडकीपासून वळला. म्हणाला, "मग तूच सांग. माझ्या तोंडून निघणार नाही."

दुपारी मिस डोरोथी आल्या त्या चक्क निळा रेशमी स्कार्फ बांधून. कोट काढायलाही थांबल्या नाहीत. मी नाणं त्यांच्या बोटांवर ठेवलं. त्यांनी मनोरा शोधला, दिवा शोधला, मग बोट खाली आलं आणि त्यांना पोहणारा सापडला. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, आता नको सांगायला. उद्या सांगू. पण उद्या सांगणं आणखी कठीण झालं असतं.

"मिस डोरोथी, मला तुम्हाला एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं.

त्यांचं बोट पोहणाऱ्यावरच थांबलं होतं. त्यांनी विचारलं, "जुनं कुठपर्यंत आहे?"

मी नाणं पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि तसूतसू करत सांगितलं. मनोरा जुना. ती जुनी, दिवा जुना. लाटा बहुतेक जुन्या. तो मात्र खांद्यापासून पुढे आपल्या काळातल्या कोणाचा तरी.

"निकला माहीत आहे?"

निक मागच्या खोलीच्या दारात उभा होता. "माहीत आहे," तो म्हणाला.

"तुम्हा दोघांचे आभार," मिस डोरोथी म्हणाल्या. "मला नकोय हा." आणि भाचीला हाक मारून त्या निघून गेल्या. स्कार्फ खुर्चीवर राहिला तो मी घडी करून खणात ठेवला. निक त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझ्यासमोर ते नाणं परत पाठवायला बांधलं, आणि सेलोटेप लावता लावता माझ्याकडे न बघता म्हणाला, "यापुढे तांब्याचं कोणतंही नाणं तू बघितल्याशिवाय या दुकानातून जाणार नाही." मला पगारवाढीपेक्षा ते वाक्य मोठं वाटलं. पगारवाढ त्यानंतरही झाली नाही, पण ते असो.

पुढच्या गुरुवारी मिस डोरोथी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी ट्रे पुसत बसायची आणि दारावरची घंटा वाजली की वर बघायची. आपण एका म्हाताऱ्या बाईच्या हातातून तिचा आनंद काढून घेतला, एवढंच मनात यायचं. मग एका गुरुवारी त्या आल्या, कोट खुर्चीवर टाकला आणि हात कापडावर ठेवून म्हणाल्या, "मी रुसले होते. तुझ्यावर नाही, त्या हत्यारवाल्यावर. काय आलंय?"

खणातून स्कार्फ काढून मी त्यांच्या हातात दिला आणि आम्ही पुन्हा सुरू झालो.

त्यानंतर बऱ्याच काळानं, वसंत लागला होता तेव्हा, एका घरातून निकनं नाण्यांचा मोठा डबा आणला. अशा डब्यांत कोणाला नको असलेली झिजकी चिल्लर असते. त्यातलं एकेक नाणं कुठल्या शेतातून, कोणाच्या नांगराखाली निघालं, ते आम्हाला कधीच कळत नाही. या धंद्यात मला लागून राहिलेली हळहळ तीच. डबा मी दुपारच्या वेळी थोडाथोडा निवडत होते. एक मोठं नाणं हाताला लागलं. पुढच्या बाजूला सम्राटाची नुसती दाढी उरलेली. मागच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. उजवीकडे एक उभा उंचवटा आणि कडेला तीन अक्षरं. ती अक्षरं अबायडसची होती.

मी ते निकला दाखवलं. त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोणी हात लावलेला नाही याला." पोहणारा त्यालाही दिसला नाही, मलाही नाही. असं नाणं यादीत घालूनसुद्धा कोणी घेत नाही.

गुरुवारी मी ते मिस डोरोथींच्या बोटांवर ठेवलं आणि सांगायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "सांगू नकोस. मला शोधू दे."

त्यांचं बोट त्या उंचवट्यावर चढलं. "मनोरा," त्या पुटपुटल्या. वर जाऊन थांबलं. मग अगदी हळू खाली उतरलं आणि डावीकडे निघालं, रिकाम्या जागेतून, आम्हा दोघांनाही जिथे काही दिसलं नव्हतं तिथून. एका जागी थांबलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"इथे आहे तो," त्या म्हणाल्या. "हात पुढे टाकलाय."

निकनं दिवा आडवा धरला. मी नाणं तिरपं करून पाहिलं. तिरप्या उजेडात लाटेहून किंचित उंच, केसाएवढी एक रेघ होती. ती मनोऱ्याकडे वळलेली होती. माझे डोळे भरून आले, आणि पुन्हा पाहिलं तर ती दिसेना. पण आता ती आहे हे मला माहीत होतं.

मिस डोरोथी नाणं मुठीत धरून बसल्या. मग म्हणाल्या, "वृंदा, ही गोष्ट मला लॅटिनमध्ये पाठ आहे, इंग्रजीत मी ती आयुष्यभर सांगितली. तुझ्या भाषेत सांग."

"तुम्हाला कळणार नाही."

"न कळायला काय झालं? गोष्ट मला माहीत आहे."

मी दाराकडे पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत त्या चार भिंतींत मी फोनवर माधवशी बोलले असेन तेवढंच मराठी. मी सुरू केलं : एक मुलगी होती. ती समुद्राच्या काठी उंच मनोऱ्यात राहायची. पलीकडच्या गावात एक मुलगा होता... मुलांना झोपवताना लागायचा तो सूर आपोआप लागला. निक मागच्या खोलीतून येऊन टेबलाला टेकून उभा राहिला. मी गोष्टीत दिवा लावला, मुलाला पाण्यात उतरवलं, लाटा आल्या, वारा सुटला, आणि तो हात मारत राहिला. मनोऱ्यातली ज्योत हलायला लागली तिथे गोष्ट अडली.

मिस डोरोथींनी मान वळवली. "बुडाला?"

"नाही," मी म्हणाले. "नाण्यावर तो अजून पोहतोय."

"मग तिथेच थांब," त्या म्हणाल्या.

मी थांबले. निकनं तिघांसाठी कॉफी आणली.